परतीचं व्रत : नवशिक्यांसाठी विधी, नियम व कहाणी

हे व्रत कोणीही करावं. वयाची अट नाही, सोवळं-ओवळं नाही आणि मुहूर्त तर मुळीच पाहावा लागत नाही. दारावरची बेल वाजते, खोका हातात पडतो, तो उघडल्यावर तोंडून ‘अरेच्चा!’ निघतं, तोच मुहूर्त. चित्रात एक आणि खोक्यात भलतंच, असं झालं की माणूस आपोआप व्रतस्थ होतो. काही जण ‘जाऊ दे हो, हजार-दीड हजारासाठी कुठे डोकं लावता’ म्हणत पहिल्याच दिवशी व्रत मोडतात. ज्याने वस्तू पाठवलेली असते तो देव पाण्यात घालून याच वाक्याची वाट पाहत असतो.

साहित्य

खोका (वेडावाकडा फाडलेला नसावा), त्यावरची पत्त्याची चिठ्ठी, कात्री, शिवणकामाची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, फ्रिजच्या दारावरचं एक लोहचुंबक, चार्ज केलेला मोबाइल, आणि तो मोबाइल धरायला घरातली अशी एक व्यक्ती, जी मधे बोलणार नाही. ही शेवटची वस्तू आमच्या घरी मिळाली नाही. तुमच्याकडे नसेल तर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करावा.

कहाणी

कहाणीशिवाय व्रत पुरं होत नाही, म्हणून आधी माझीच सांगतो.

आमच्याकडे गौरी असतात. आईच्या वेळच्या दोन फुटी समया वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या भावाकडे गेल्या आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, असं गेली चार वर्षं दर गौरीला सगळे एकमेकांना सांगतात. मागच्या श्रावणात मी ठरवलं, की यंदा नव्या घ्यायच्या. आम्ही राहतो नाशिकला. म्हणजे जिथे तांब्या-पितळेसाठी लोक बाहेरगावाहून येतात, तिथे. गंगापूर रोडवरून भांडीबाजार काही लांब नाही. पण तिथे गाडी लावायला जागा नाही, श्रावणात गोदावरीचं पाणी वाढलं की त्या भागात जायचं मन होत नाही, आणि मुख्य म्हणजे रात्रीचे अकरा वाजले होते, मी आडवा होतो आणि हातात मोबाइल होता. माणसाच्या हातून होणारी बरीचशी खरेदी हल्ली आडव्या अवस्थेत होते.

चित्र असं होतं : मुखवटे ल्यालेल्या, पैठण्या नेसलेल्या दोन गौरी, आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीच्या दोन समया, पाचही वाती पेटलेल्या. खाली नाव होतं, ‘प्युअर ब्रास समई जोडी हेवी ट्रॅडिशनल पूजा होम डेकोर गिफ्ट २४’. पाच हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांवर काट मारलेली आणि शेजारी एक हजार सहाशे एकोणपन्नास. वर लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’. सतरा जण त्याच क्षणी तीच जोडी बघत होते म्हणे. त्या सतरा जणांच्या आत मला ती मिळवायची होती. हे लाल अक्षरांतलं घाई करणं म्हणजे ग्राहकाला फसवण्याचा प्रकार आहे, असं केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय. अशा एकूण तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. मी मात्र तेव्हा ती तत्त्वं वाचत नव्हतो, पिनकोड टाकत होतो.

जरा शुद्धीवर असतो तर किमतीवरूनच ओळखलं असतं. दोन फुटी जोडीत जेवढं पितळ लागतं, तेवढं नुसतं मोडीतलं घ्यायचं म्हटलं तरी त्या पैशांत येत नाही. खालचे अभिप्रायही वाचले नव्हते. चार पूर्णांक तीन तारे बघितले आणि पुढे गेलो. नंतर, व्रतकाळात, वाचले. एकाने लिहिलं होतं, ‘छान आहे, पण केबल आखूड.’ दुसऱ्याने, ‘रात्रभर लावून ठेवला तरी गरम होत नाही.’ समईबद्दल हे कौतुकच म्हणायचं, पण कळलं ते असं, की त्या पानावर आधी मोबाइलचा चार्जर विकला जात होता. चार्जर गेला, त्याचे तारे समईला वारसाहक्काने मिळाले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलंय. ते पाळणं ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचं काय होतं ते आपल्या सोसायटीच्या श्रमदानावरून सगळ्यांना माहीत आहे.

खोका आला तो चपलांच्या खोक्याएवढा. बायको म्हणाली, “अहो, पार्ट सुटे येत असतील.” मलाही तेच वाटायला हवं होतं.

खोका उघडण्याचा विधी

पहिला नियम : खोका उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करावा. चिठ्ठीवरचा नाव-पत्ता आणि बंद चिकटपट्टी आधी नीट दाखवावी, मग कात्री लावावी, आणि वस्तू पूर्ण बाहेर येऊन सगळ्या बाजूंनी दिसेपर्यंत व्हिडिओ तोडू नये. मधे तोडलात तर समोरचा म्हणतो, त्या दोन मिनिटांत तुम्हीच वस्तू बदलली.

आमचा व्हिडिओ सव्वाचार मिनिटांचा आहे. पहिली चाळीस सेकंद त्यात माझा अंगठा आहे. त्यानंतर खोका दिसतो, पण चिठ्ठी खालच्या बाजूला. मग कुकरची शिट्टी. मग आईचा आवाज, “किती पैसे दिलेस?” मी उत्तर देत नाही. बुडबुड्यांचं प्लास्टिक निघतं, त्यातून मोराचं डोकं बाहेर येतं, आणि आई अगदी शांतपणे म्हणते, “ही कुणाची? भातुकलीची का?” हा पुरावा म्हणून मी पुढे तीन ठिकाणी पाठवला. तिन्ही ठिकाणच्या माणसांनी तो आवाज चालू ठेवून पाहिला असेल, या विचाराने अजूनही कान गरम होतात.

दुसरा नियम : वस्तू वापरू नये. हा नियम सोपा वाटतो, पण घरात ज्येष्ठ माणूस असलं की फार अवघड. आईने तेलाची बुधली आणि वाती घेऊन पाटावर बैठक मारली होती. “दिवा लावल्याशिवाय समई कशी कळणार?” तिचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. पण समईत तेलाचा थेंब पडला की ती वापरलेली वस्तू झाली, आणि वापरलेली वस्तू परत घ्यायला कोणी तयार नसतं. तेव्हा साडी असेल तर फॉल लावू नये, बूट असतील तर फरशीवरच चार पावलं टाकावीत, कढई असेल तर फोडणीचा मोह आवरावा. लेबलं, पिशव्या, सिलिका जेलची पुडीसुद्धा, सगळं जपून ठेवावं. खोका तर देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवावा. आमचा खोका दुसऱ्याच दिवशी कापसाची वस्त्रं ठेवायला गेला. त्याचं प्रायश्चित्त पुढे येईल.

खोटं शोधण्याचा विधी

इथे नवशिका हमखास चुकतो. तो म्हणतो, “चित्रात केवढी मोठी दिसत होती!” दिसत होती, हे खरं. पण चित्रातली वस्तू दिसत असते, लिहिलेली नसते. खाली कुठेतरी ‘चित्र प्रातिनिधिक’ असं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. म्हणून चित्राशी भांडत बसू नये. वर्णनाचं पान पुन्हा उघडावं, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत (तक्रार गेली की ते पान रात्रीतून बदलतं) आणि पोथी वाचल्यासारखं ओळ न ओळ वाचावं.

मी टेप लावली. उंची साडेनऊ इंच भरली. मी तावातावाने पान उघडलं, तर नावात नुसतं ‘२४’ होतं, आणि पाच वेळा बोट सरकवल्यावर तळाशी, ‘२४ सें.मी.’. चोवीस सेंटीमीटर म्हणजे साडेनऊ इंचच की. समई फुटांत आणि इंचांत मोजायची, ही माझ्या डोक्यातली समजूत. विक्रेत्याने ती माझ्यावर लादली नव्हती. उलट मापं दशमान पद्धतीतच द्यावीत, असं २००९ चा वैधमापन कायदा सांगतो. म्हणजे या एका बाबतीत तो माझ्यापेक्षा जास्त कायद्याला धरून होता. माझी बाजू तिथेच अर्धी पडली. आकड्यापुढे इंच आहे, सेंटीमीटर आहे की काहीच नाही, हे आधी बघायचं असतं, एवढं ज्ञान मला सोळाशे एकोणपन्नास रुपयांत मिळालं.

मग लोहचुंबक. आमच्या फ्रिजवर गणपतीपुळ्याहून आणलेलं एक आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक आहे, ज्याच्याखाली आजवर लाइटबिलाखेरीज काही गेलेलं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याला लोहचुंबक धरत नाही. मी तो आंबा समईच्या तबकडीजवळ नेला आणि तो माझ्या हातातून सुटून ‘टक’ करून चिकटला. इतका घट्ट, की समई उलटी धरली तरी पडेना. बायकोने पंख्याच्या बटणाजवळ उभं राहून पाहिलं, आईने चष्मा लावून पाहिलं. घरात बऱ्याच दिवसांनी एखाद्या गोष्टीवर तिघांचं एकमत झालं. एक सावधगिरी मात्र बाळगावी : काही समयांच्या दांडीत जोडणीसाठी लोखंडी सळई असते, म्हणून नुसत्या दांडीला लावून आरडाओरड करू नये. तबकडी, बैठक, मोर, सगळीकडे लावून पाहावं. आमचा मोरही लोखंडी होता.

‘प्युअर ब्रास’ हे चित्रात नव्हतं, शब्दांत होतं. जे शब्दांत आहे आणि वस्तूत नाही, ते तुमचं. बाकीचं नशिबाचं.

मी दोन्ही समयांच्या तळाला कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या, ‘पुरावा क्र. १’ आणि ‘पुरावा क्र. २’, आणि प्रत्येकीचे आंब्यासकट फोटो काढले. बायको म्हणाली, एवढा व्यवस्थितपणा इन्कमटॅक्सच्या कागदांना दाखवलात तर बरं होईल.

कैफियत आणि तक्रार

ॲपमध्ये ‘परत करा’ दाबलं की कारणांची यादी उघडते. ‘मला आता नको आहे’, ‘गुणवत्ता आवडली नाही’, ‘तुटलेली आली’, ‘वर्णनाशी जुळत नाही’. आपल्याकडचा सभ्य माणूस इथे ‘आवडली नाही’ निवडतो, कारण समोरच्याला थेट खोटारडा म्हणणं त्याच्या जिवावर येतं. हा सभ्यपणा महागात पडतो. ‘आवडली नाही’ म्हटलं की तो तुमचा लहरीपणा होतो. ‘वर्णनाशी जुळत नाही’ म्हटलं की तो कायद्याचा विषय होतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष किंवा बनावट निघाली, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसले, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याने ‘नो रिटर्न’ असं लिहून ठेवलेलं असलं तरीही.

यादीखाली एक चौकट असते : ‘अधिक माहिती द्या, २०० अक्षरांत’. माझा पहिला मसुदा असा सुरू झाला : ‘महोदय, आमच्या घरी गेली साठ वर्षे ज्येष्ठा गौरींचे आवाहन होत असून माझ्या दिवंगत आजीने...’ आजीपाशीच अक्षरं संपली. समयांचा उल्लेख यायचा होता.

आपल्याला तक्रार लिहिता येत नाही, हे मला त्या चौकटीने शिकवलं. आपण कैफियत लिहितो. तिच्यात आपण किती चांगले आहोत, आपला किती विश्वास होता, सणासुदीला कसा विचका झाला, मुलांसमोर कशी शोभा झाली, हे सगळं येतं. फक्त खोक्यात काय होतं ते येत नाही. वाचणारा पलीकडे असला तर बिचारा दिवसाला शेकडो आज्या वाचून निबर झालेला असतो, आणि नसला तर ते यंत्रच असतं. दोघांनाही दोनच गोष्टी कळतात : काय सांगितलं होतं, काय आलं. दुसरा मसुदा मी असा केला : ‘वर्णन : शुद्ध पितळ. आलेली वस्तू : लोखंड, वर पिवळा मुलामा. लोहचुंबक चिकटतं. फोटो ४, व्हिडिओ १. पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत हवी.’ लिहिताना अंगावरचे कपडे काढून दिल्यासारखं वाटलं, पण काम त्यानेच झालं. आजीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

यंत्रसंवाद

यानंतर एक खिडकी उघडते. तिच्यात एक मुलगी असते. ती मुलगी नसते. ‘तुमची गैरसोय मी समजू शकते’, असं ती लिहिते. मी लिहिलं, समई लोखंडाची आहे. तिने विचारलं, ‘तुम्हाला समईबद्दल आणखी उत्पादनं पाहायची आहेत का?’ इथे रागावू नये. ‘माणसाशी बोलायचं आहे’ हे तीनदा लिहावं, तोंडी जप केल्यासारखं. तिसऱ्या खेपेला माणूस येतो. तो आधी तुमच्या भावना समजून घेतो, मग दोनशे रुपयांचं कूपन देऊ करतो. ते समजुतीचा नारळ समजून नम्रपणे परत करावं. मग तो ‘वॉलेटमध्ये लगेच, खात्यात सात दिवसांनी’ असा पर्याय देतो. वॉलेटमधला पैसा म्हणजे सासरी दिलेला दागिना; आपलाच, पण आपल्या कपाटात नाही. मूळ खात्यातच मागावा. तक्रार क्रमांक, तारीख, वेळ लिहून घ्यावी आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट ठेवावेत.

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. वैताग आला म्हणून गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, म्हणजे आयुष्यभर लोकांना सावध करणाऱ्या माणसाने, असा नंबर लावला. पलीकडच्या मधुर आवाजाने त्यांना ‘रिफंडसाठी’ एक ॲप टाकायला लावलं, आणि सुनेने हातातून फोन हिसकावला म्हणून वाचले. नंबर फक्त ॲपच्या आतून घ्यावा. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना. आणि तरी गेलेच, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला फोन.

पिकअपची तीन पारणी

पिकअप म्हणजे वस्तू न्यायला माणूस येणं. तो ‘सकाळी नऊ ते रात्री नऊ’ या वेळेत येतो. त्या दिवशी अंघोळ लवकर उरकावी.

पहिल्या दिवशी साडेतीनला एक तरुण आला. घामाघूम, पाठीवर घरापेक्षा मोठी पिशवी. मी त्याला पाणी दिलं, समया दिल्या. त्याने आपल्या फोनवर ते गौरींचं चित्र उघडलं, एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा समयांकडे, पुन्हा चित्राकडे. मग अपराधी चेहरा करून म्हणाला,

“काका, हे मॅच होत नाहीये.”

“काय मॅच होत नाहीये?”

“फोटोत मोठ्या आहेत. या बारक्या आहेत. फोटोसारखी वस्तू असेल तरच न्यायची. नाहीतर माझ्या पगारातून कापतात.”

“अरे बाबा, फोटोसारखी नाही म्हणूनच तर परत करतोय!”

“ते बरोबर आहे काका तुमचं,” तो म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं. “पण मॅच होत नाहीये ना.”

मी दारात उभा राहून हा युक्तिवाद कुठून मोडता येतो ते शोधत होतो. वस्तू चित्रासारखी असती तर मी ती परत केली नसती. ती चित्रासारखी नाही म्हणून तो ती नेणार नाही. तर्कशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला दारात आणून उभं करावं, असं वाटलं. त्या पोराचा काहीच दोष नव्हता. त्याने ‘वस्तू जुळत नाही’ हे बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत मला संदेश आला : ‘तुमची परतीची विनंती रद्द करण्यात आली आहे, कारण वस्तू वर्णनाशी जुळत नाही.’ म्हणजे माझी तक्रार कंपनीने शब्दशः मान्य केली होती. याचा स्क्रीनशॉट मी फ्रेम करून लावणार आहे.

दुसऱ्या दिवशी कोणी आलंच नाही. रात्री संदेश आला, ‘आमचा प्रतिनिधी आला होता, ग्राहक घरी नव्हते.’ ग्राहक दिवसभर गॅलरीत उभे होते, खालच्या भाजीवालीनेही विचारलं, “साहेब, कुणाची वाट बघताय?” तिसऱ्या खेपेला जो आला, त्याला मूळ खोका हवा होता. त्यात वस्त्रं होती, आणि दोनच दिवसांवर गौरी आल्या होत्या. आई म्हणाली, “वस्त्रं काढणार नाही.” तो म्हणाला, “खोक्याशिवाय नेणार नाही.” दोघंही आपापल्या जागी ठाम होते आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

वरच्या दरबारात

आता घेतला वसा टाकायचा नाही. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि ई-मेल संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, जिथे कोणाचं बोट पोचत नाही तिथे असतं. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निकाली काढायची असते. मी त्याला ते दोनशे अक्षरांचंच पत्र पाठवलं, सोबत ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ हा त्यांचाच संदेश जोडला. आपल्या बाजूने याहून बोलका साक्षीदार मिळाला नसता.

त्याच दिवशी १९१५ लाही फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, ती तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. निकाल देणं तिच्या हातात नाही. पण वरून विचारणा झाली की कंपनीची खिडकीतली मुलगी अचानक हुशार होते.

यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. जुने लोक अजून ‘ग्राहक मंच’ म्हणतात. २०१९ च्या कायद्याने त्याचा आयोग केला. त्या कायद्याने आणखी एक फार चांगली गोष्ट केली : विक्रेता कुठल्याही गावचा असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. व्रताचा कालावधी दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो, तो असा. सोळाशे रुपयांसाठी आयोगात जायचं का, हा ज्याच्या-त्याच्या पित्तप्रकृतीचा प्रश्न. मी अर्ज भरून ठेवला होता. त्यातही आजी आली नाही.

अर्ज भरताना माझ्या सासऱ्यांची आठवण झाली. ते मुंबईत ग्राहक पंचायतीचे सभासद. १९७५ पासून चालू असलेली ही संस्था. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचा माल मागवायची, एकाच्या घरी तो उतरायचा आणि सगळे मिळून मोजून वाटून घ्यायचे. सासरे डाळीच्या पिशवीत हात घालून दाणा दाताखाली धरायचे आणि मगच मान हलवायचे. त्यांना मी एकदा ॲपवरून मागवलेली तूरडाळ दाखवली होती. ते म्हणाले, “बघितलीस कुठे आधी?” मी म्हटलं, “फोटोत.” पुढे ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दरम्यान, गौरी

गौरी कोणासाठी थांबत नाहीत. आवाहनाच्या आदल्या दिवशी मी मुकाट्याने गाडी काढून भांडीबाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, “किती फुटी?” तिथे कोणी सेंटीमीटर बोलत नाही. त्याने वरच्या फळीवरून एक काढली आणि म्हणाला, “दोन्ही हातांनी धरा.” धरली. मनगटं खाली गेली. मग मी खिशातून आंबा काढला.

“हे काय काका?”

मी काय ते सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने माझ्या हातातून आंबा घेतला, समईच्या तबकडीला लावला, बैठकीला लावला, मोराला लावला. प्रत्येक वेळी तो घसरून त्याच्या तळहातात पडला. मग त्याने तो आपल्या दुकानाच्या लोखंडी शटरला चिकटवला आणि शांतपणे समया काट्यावर ठेवल्या. किंमत वजनावर झाली आणि मनात धरलेल्या आकड्याच्या बरीच पुढे गेली. मी घासाघीस केली नाही. बाहेर आलो तर गाडी उचलून नेली होती. तो दंड मी या व्रताच्या खर्चात धरत नाही, कारण बायको धरते.

आंबा शटरवरच राहिला.

उद्यापन

विसर्जन होऊन आठवडा झाला आणि संदेश आला : पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करत आहोत, वस्तू परत पाठवण्याची गरज नाही, ती तुमच्याकडेच ठेवा. पैसे पाचव्या दिवशी आले. आईने खात्री करून घेतली, की खोकाही आपल्याकडेच ठेवायचा आहे.

राहता राहिल्या समया. घरात ठेवाव्यात तर लोखंडी, टाकाव्यात तर मोर आहे. त्या माळ्यावर गेल्या. संक्रांतीला बायकोने हळदीकुंकू केलं. वाण म्हणून चहाच्या एकवीस गाळण्या आणल्या होत्या, मोजून. संध्याकाळी साडेआठला सगळं आवरल्यावर आणखी दोघी आल्या, आणि गाळण्या संपलेल्या. आतल्या खोलीत पाच मिनिटं कुजबुज झाली, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि दोघींच्या हातात चमकी कागदात गुंडाळलेली एकेक समई पडली. दोघीही फार खूश झाल्या. एक तर म्हणाली, “अगं, एवढं भारी वाण कशाला!” मी पेपरच्या मागे होतो.

रथसप्तमीच्या दिवशी बायको सी विंगमधल्या हळदीकुंकवाहून आली. ज्यांच्याकडे गेली होती त्या आमच्याकडे संक्रांतीला आल्या नव्हत्या, म्हणजे समई मधल्या दिवसांत आणखी एखाद-दोन घरं फिरली असणार. पिकअपची विनंती नाही, खोका नाही, फोटोशी जुळवणं नाही. तिने पिशवीतून चमकी कागद काढला, मोराचं डोकं दिसलं आणि दोघंही गप्प झालो. मी समई उलटी केली. तळाला माझ्याच अक्षरात, कडा थोड्या झिजलेल्या : ‘पुरावा क्र. २’.

क्र. १ अजून बाहेर आहे.